झाड, कीड आणि अहिंसा

कुऱ्हाडीने मेलेल्या झाडाबद्दल काय वाटून घ्यावे, हे आपल्याला ठाऊक आहे. तोडणारा समोर असतो, त्याच्यावर रागावता येते. कायदाही पाठीशी असतो. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात 'तोडणे' या शब्दात जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा पोचविणे हे सारे येते. पण एखादे झाड तीनचार वर्षे आपल्या डोळ्यांदेखत वाळत जाते, त्याला कोणीही हात लावलेला नसतो, तेव्हा त्या मरणाचा धनी कोण?

मुंबईच्या पूर्व उपनगरांत हा प्रश्न विलायती शिरीषाने उभा केला. लोक त्याला रेन ट्री म्हणतात. झाड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेचे. गेल्या शतकाच्याही आधी या देशात आले आणि सावलीसाठी रस्तोरस्ती लावले गेले. त्याचा विस्तार उंचीहून मोठा. संध्याकाळ झाली की पाने मिटतात, आभाळ भरून आले तरी मिटतात. मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर, चेंबूर या भागांत कित्येक रस्त्यांचे ऊन या एकाच जातीने अडवून धरले होते. 2010 नंतरच्या दशकात ही झाडे एकामागून एक वठू लागली.

कारण पिठ्या ढेकूण. कुंडीतल्या जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरे पीठ भुरभुरावे तशी जी कीड दिसते, तिच्याच गोतातली ही. अंगावर मेणाचा लेप, त्यामुळे औषधाचे पाणी ओघळून जाते. सोंड रुतवून ती रस ओढते आणि उरलेला गोड द्रव खाली सोडते. त्या गोडाच्या लोभाने मुंग्या तिची राखण करतात, शत्रूला जवळ येऊ देत नाहीत. पानांवर सांडलेल्या द्रवावर काळी बुरशी चढते. 'रेन ट्री' या नावाची एक उपपत्ती अशी सांगतात की, रस शोषणारे कीटक फांद्यांवर बसून जे थेंब गाळतात त्यांनाच लोक पाऊस समजले. आमच्या रस्त्यावर तो पाऊस पडू लागला तेव्हा पहिली तक्रार झाडाबद्दल नव्हतीच. खाली उभ्या केलेल्या मोटारी चिकट होतात, अशी होती.

आमच्या इमारतीच्या सभेत फवारणीचा विषय निघाला, तेव्हा एका वृद्ध जैन गृहस्थांनी विरोध केला. सारेजण त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, "झाड एकेंद्रिय. ही कीड मुंगीसारखी, तीन इंद्रियांची. एकासाठी लाख मारायचे, हा कुठला हिशेब?" काही मंडळी हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. जैन गणनेत स्पर्श एवढेच ज्याला कळते ते एकेंद्रिय. मुंगी, ढेकूण यांना चव आणि वासही कळतो. ही गणना मान्य केली तर काकांचा निष्कर्ष टाळता येत नाही. आणि ती अमान्य करायची तर तिच्या जागी आपली कोणती गणना आहे?

आपली गणना आहे. ती आपण बोलून दाखवीत नाही एवढेच. 2008 साली पपईवरचा पिठ्या ढेकूण कोइमतूरकडे प्रथम आढळला. मूळचा मेक्सिकोकडचा हा कीटक पपई, तुती, कापूस, जास्वंद असे दिसेल त्यावर चढला. शेतकऱ्यांचे नुकसान उघड होते. दोन वर्षांत, 2010 मध्ये, बंगळूरच्या राष्ट्रीय कीटकसंस्थेने पोर्तो रिकोहून त्याचे परजीवी आणवले आणि सोडले. त्याच्या आधी, 1994 च्या सुमारास, आपल्याकडच्याच जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण ग्रेनेडा बेटावर पोचला होता. त्याने तिथली जास्वंद खाल्ली आणि तिथले शिरीषही, म्हणजे ज्या मुलखातून आपले शिरीष आले त्याच्या शेजारचेच. शेतमालाची निर्यात अडली आणि सरकारे धावली. आपली कीड त्यांच्या शिरीषावर! परका कोण आणि घरचा कोण, हा वाद उपनगरांत फार रंगतो. कीटकांना तो समजावून सांगणे कठीण आहे. असो. सांगायचे एवढेच, की पपईला भाव आहे, तुतीला रेशमाचा भाव आहे. सावलीला भाव नाही. म्हणून सावलीच्या मरणाला घाई नसते. या गणनेपेक्षा काकांची गणना मला अधिक प्रामाणिक वाटते.

मी त्यांना त्या परजीवीची हकीकत सांगितली. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी माशी. ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते. विष नाही, फवारा नाही, आपण कोणाला मारीतही नाही. काका म्हणाले, "पण तिला आणणारा हात कोणाचा?" मला उत्तर सुचले नाही. हाताने मारणे आणि मारणाऱ्याला बोलावणे यांतला फरक आपल्या हातांच्या स्वच्छतेपुरता आहे, ढेकणाच्या दृष्टीने नाही.

मग न करणे हेच शुद्ध का? इथे मात्र मी काकांशी अडलो. धडधाकट झाड कीड पुष्कळदा सोसून नेते. आमच्या रस्त्यावरची झाडे धडधाकट नव्हती. बुंध्याला भिडवून सिमेंट ओतलेले, वर फरशा, दर वर्षी तारा आणि नळ टाकण्यासाठी मुळे छाटलेली. दिल्लीच्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाला 2013 मध्ये सांगावे लागले. यावरून हा गुन्हा आमचाच एकट्यांचा नाही हे दिसते. या फरशांवर आम्ही रोज चाललो. कोणीही झाड मारले नाही. ही अहिंसा होती काय?

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तीत प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, मोठे स्थान आहे. प्राण जाणे एवढ्याने हिंसा पुरी होत नाही. त्यामागची बेसावध वृत्ती तिला हिंसा करते. ते मी काकांपुढे ठेवले. वास्तविक त्यांचेच धन त्यांना दाखवण्यासारखे होते ते. माझ्या मते काका फवारणी नको म्हणतात तेव्हा ते काही करीत असतात: मोजतात, थांबतात, त्याची किंमत सोसायला तयार असतात. आम्ही बाकीचे फवारणी करीत नव्हतो ते खर्च वाचावा म्हणून, आणि पुढच्या पावसात फांदी कोणाच्या डोक्यावर पडेल याची चिंता सेक्रेटरीने करावी म्हणून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "फरशा काढायला किती माणसे लागतील?"

फाटकापाशी उभ्या राहिलेल्या दोन झाडांभोवतीचे सिमेंट आम्ही फोडून घेतले. खर्चातला निम्मा वाटा काकांनी दिला आणि काम चालू असताना ते स्वतः खुर्ची टाकून बसले. मातीत गांडुळे निघाली तर कामगारांच्या पहारीखाली येऊ नयेत म्हणून. एका झाडाला वरच्या अंगाला थोडी पालवी आहे, दुसऱ्याबद्दल माळी काही बोलत नाही. फवारणीचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. काका विरुद्ध मत देणार आहेत. मी बाजूने देणार आहे.