नरकासुर आणि निर्वाणलाडू

आमच्या कारंज्यात दिवाळी दोन वाटांनी येते. नरकचतुर्दशीच्या पहाटे एका घरी नरकासुराच्या वधाच्या आनंदात अभ्यंगस्नान होते. अमावास्येच्या पहाटे पलीकडच्या जैन मंदिरात महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढतो. एकीकडे वधाचा उत्सव, दुसरीकडे अहिंसेच्या महापुरुषाचे स्मरण. आणि फराळाची ताटे मात्र बिनदिक्कत इकडून तिकडे जातात.

पण समजा, अपरात्री घरात शिरलेल्या माणसावर घरधन्याने गोळी झाडली आणि तो मेला. घरधनी दोषी की निर्दोष? येथे मात्र ताटांइतकी सहज देवघेव होत नाही. स्मृतिकार सांगतात, चालून आलेल्या आततायीला मारण्यात दोष नाही. जैन आचार्य हिंसेचे चार प्रकार करतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडलीच पाहिजे. बचावापुरती विरोधी हिंसा त्याला सुटत नाही. मात्र सुटत नाही म्हणून ती पुण्य होत नाही. अहिंसेचे पुजारी गांधीजीही 1920 साली लिहून गेले, की भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन मार्ग उरले, तर आपण हिंसेचा सल्ला देऊ.

म्हणजे परवानगी तिघेही देतात. फरक पडतो तो नंतर. एक जण म्हणतो, ‘बरे झाले’. दुसरा म्हणतो, ‘झाले ते वाईटच, पण इलाज नव्हता.’ कायदा याहून कोरडा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता, जुन्या दंडसंहितेप्रमाणेच, बचावाचा हक्क मानते; पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करू देत नाही.

श्रद्धा पुराव्याच्याही पुढे कशी धावते, हे मुंबईच्या नानावटी खटल्यात दिसले. 1959 साली कमांडर नानावटींच्या पिस्तुलातून सुटलेल्या तीन गोळ्यांनी प्रेम आहुजा मेला. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. मग आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा कसा हलला नाही, असा सरकार पक्षाचा सवाल. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने खुनी ठरवले, आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. गोळ्या तीनच, टॉवेल तोच! पण ज्याला शूर नाविक आणि मोडलेला संसार दिसला, त्याला टॉवेल दिसलाच नाही.

श्रद्धा बाजूला ठेवून न्याय करा, असे मी म्हणणार नाही. श्रद्धा म्हणजे पायताण नव्हे, की उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी. मी एवढेच म्हणतो : निकाल देण्यापूर्वी माणसांची अदलाबदल करून पाहावी. मेलेला आपल्या आळीतला आणि मारणारा परका असता, तर मी हेच म्हटले असते काय? उत्तर बदलले, तर आपण पुरावा तोललाच नाही, नुसती माणसे ओळखली. आणि उत्तर तेच राहिले, तरी निर्दोष सुटलेल्याच्या दारी पेढे वाटू नयेत. कुणाच्या तरी घरचा दिवा विझलेला असतो.