साखरेचं निमित्त

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर एका गृहस्थांचा विषय निघाला. पत्नी गेल्यापासून त्यांचं येणं जवळजवळ थांबलंय. आमच्यातल्या निवृत्त इंजिनिअरांनी लगेच निकाल दिला, "त्यांना काही झालेलं नाही हो, साखर वाढलीय. ती खाली आणा, माणूस खडखडीत होईल." मला हे लागलं. सगळ्या संसाराचा शोक लॅबच्या रिपोर्टात बसवायचा?

मधुमेह, रक्तदाब, सुटलेलं पोट आणि नैराश्य एकमेकांच्या सोबतीनं फिरतात, हे आता रविवारच्या पुरवण्यांनाही पाठ झालंय. ताणानं कॉर्टिसोल वाढतं, इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो, अंगात मंद दाह सुरू राहतो. उदास माणूस फिरायला जात नाही, गोळ्या चुकवतो, रात्री चहा-बिस्किटांवर भागवतो. सुरुवात कुठल्याही टोकानं होऊ शकते. इंजिनिअरांना मात्र एकच टोक मान्य. त्यांना मी थॉमस विलिस ऐकवला. सतराव्या शतकातल्या या इंग्रज डॉक्टरनं मधुमेह्यांच्या लघवीची गोडी नोंदवली आणि दीर्घकाळचं दुःख हे या रोगाचं एक कारण म्हणून सांगितलं. "तेव्हा ग्लुकोमीटर नव्हता," ते म्हणाले. विषय संपला, निदान त्यांच्यापुरता.

माझा मुद्दा जुनाच आहे: शोक वेगळा, नैराश्य वेगळं. शोकात माणसाला काहीतरी हवं असतं, गेलेलं माणूस हवं असतं. नैराश्यात काहीच नको होतं. म्हातारपणी हे नकोसेपण बरेचदा आसवांशिवाय येतं. झोप नाही, तोंडाला चव नाही, पाय भरून येतात, विसरायला होतं, अशा अंगाच्याच तक्रारी असतात. घरचे म्हणतात, वय झालं. घर जरा भाविक असेल तर म्हणतात, विरक्ती आली. पण विरक्त माणूस नातवाशी खेळतो, आमटी छान झाली म्हणतो. त्यानं फक्त हट्ट सोडलेला असतो.

इथे थोडी आडवाट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. शास्त्रज्ञानं स्वतःच पुरावा म्हणून उभं राहावं, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्याकडे आत अशी चरबी दडलेल्या काटकुळ्या आजोबांना मधुमेह असेल अशी शंका कुणाला येत नाही, आणि न रडणाऱ्या आजोबांना नैराश्य असेल अशीही.

इंजिनिअरांना खोडायला मी पुरावे धुंडाळले, ते आम्हा दोघांनाही अडचणीचे निघाले. अमेरिकेतल्या २००४ च्या एका अभ्यासात मधुमेह्यांच्या नैराश्यावर नीट उपचार झाले. मन सुधारलं, तीन महिन्यांची सरासरी साखर जागची हलली नाही. म्हणजे नुसतं मन धरूनही भागत नाही. मग २०२० मधला भारतातला प्रयोग: दिल्ली, चेन्नई, बंगळूर, विशाखापट्टणमचे ४०४ रुग्ण. सगळेच वृद्ध नव्हते, तरी बोध घ्यावा असा. मधुमेहाच्याच दवाखान्यात एक समन्वयक साखर, दाब आणि मन यांची एकत्र विचारपूस करी. मानसोपचारतज्ज्ञ मागून सल्ला देत. दोन वर्षांनी मन आणि शरीर दोन्हीकडे सुधारणा ७१.६ टक्क्यांत दिसली, नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्क्यांत.

मला यातली जागा महत्त्वाची वाटते. मनोविकाराच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर सत्तरीचा माणूस दार लावून घेईल. साखर तपासायला मात्र तो स्वतःहून चप्पल घालतो. तेव्हा 'साखर वाढलीय' हे वाक्य मला वाटलं तितकं क्रूर नाही. घराबाहेर काढणारं कदाचित तेच एक निमित्त आहे. पुढचं लॅबवर सोडून चालणार नाही. मिर्टाझापिनसारख्या नैराश्यावरच्या गोळीनं भूक आणि वजन वाढू शकतं, म्हणजे दोन्ही फायली एकाच टेबलावर हव्यात. थकवा, झोप, भूक विचारणाऱ्या प्रश्नावल्याही फसवतात, कारण साखर एकटीच तेवढं करू शकते. वृद्धांसाठी १९८० च्या दशकात बनवलेली नैराश्याची प्रश्नावली अंगाच्या तक्रारी बहुतांशी वगळते. तिची पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे, उत्तरं फक्त हो किंवा नाही. रक्त दिल्यावर कापसाचा बोळा दाबून बसलेल्या माणसाला ती पाच-सात मिनिटांत विचारून होते.