वेगळा पेला

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत एका घरी एचआयव्हीबाधित सुनेसाठी वेगळा पेला ठेवला आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे! बंधूंनो, १९५६ साली नागपुरात जो विटाळ आपण टाकला, तोच आता रोगाच्या नावाने घरात घ्यायचा? हा विषाणू असुरक्षित संभोगातून, दूषित रक्तातून वा सुईतून, बाधित मातेकडून बाळाकडे जातो, पेल्यातून नव्हे. याच भीतीपोटी १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझांना ६४ दिवस कोंडून ठेवले होते. आता २०१७ चा कायदा भेदभावास मनाई करतो, पण चुलीपाशी कोण पाहायला येतो? तथागतांनी अतिसाराने लडबडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वहस्ते धुतले होते. मी त्याच पेल्यातून पाणी मागून प्यालो. सासूबाई ओशाळल्या. पेला अजून वेगळाच आहे.