पुतण्याची भरती

माझा पुतण्या वनरक्षकाच्या भरतीसाठी दोन वर्षं पुण्यात आहे. स्वारगेटजवळ एका खोलीत चार पोरं राहतात. पहाटे तळजाईच्या टेकडीवर पळायला जायचं (तीही जंगलखात्याचीच जागा), दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, आणि गावाकडनं एसटीनं भाकरीचा डबा आला की तो घ्यायला स्टँडवर यायचं. गेल्या खेपेला डबा मीच घेऊन गेलो. स्टँडवरच्या बाकड्यावर आम्ही तासभर बसलो.

भरतीचं त्याला सगळं तोंडपाठ. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांतला एखादा विषय पाहिजे. उंची 163 सेंटिमीटर, छाती 79, फुगवून 84. लेखी परीक्षा झाली की 5 किलोमीटर पळायचं, मग चार तासांत 25 किलोमीटर चालायचं. पोरींना पळायला 3 आणि चालायला 16. निवड झाली की चिखलदरा, शहापूर, पाल असल्या ठिकाणी शाळा, आणि मग एक बीट हातात. रेंजर व्हायचं तर वाट निराळी, ती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतनं जाते.

मी म्हटलं, "चालण्याची तुला काय भीती? जन्म डोंगरात गेला."

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "तात्या, समजा बीट आपल्याच डोंगरात मिळालं. आन् आईच मोळी घेऊन उतरताना गावली, तर?"

हा प्रश्न कुठल्या परीक्षेला विचारत नाहीत. मला मात्र तो लहानपणापासून पडलेला आहे.

आमच्या मावळातल्या गावानं माझ्या आठवणीत दोन गार्ड पाहिले. पहिला कोंबडीवाला. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर ऐनाचा टहाळ तोडावाच लागतो. हा उन्हाळ्यात घरटी एक कोंबडी न्यायचा आणि डोळे झाकायचा. लग्नाला यायचा, बारशाला यायचा, पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गावाला तो देवमाणूस वाटे. पण गावाला एका कोंबडीत सूट, तशी कोळशाच्या भट्टीवाल्याला रात्रभर वाट मोकळी. पाच-सहा वर्षांत वरचा माळ बोडका झाला आणि माझ्या आईला मोळीसाठी दोन खिंडी ओलांडून जावं लागायला लागलं. त्याच्या दयेची किंमत ती डोक्यावर वाहत होती, आणि तरी त्याची बदली झाली तेव्हा तिनंच डोळे पुसले.

दुसरा आला तो खरा माणूस. कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसे. त्यानं भट्टी बंद पाडली, आणि त्याच हातानं आमच्या आबांचा कोयता जप्त करून पावती फाडली. भट्टीवाल्यानं दंड भरला आणि महिन्याभरात दुसऱ्या डोंगरात भट्टी लावली. आमची रोपं मात्र त्या पावसाळ्यात राबाविना पिवळी पडली. दोघांना एकच कायदा लावला, यात त्याची चूक काढता येत नाही. पण याला न्याय म्हणायला माझी जीभ आजही अडखळते. भट्टीवाल्याची हाव आणि आबांचा राब कायद्याच्या एकाच कलमात कोंबणारा माणूस प्रामाणिक असेल, शहाणा कसा म्हणावा?

हे भांडण आमच्या गावापुरतं नाही. जोतीरावांनी 1883 साली ह्याच पुण्यात 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्यानं शेतकऱ्याच्या गुरांची कुरणं हिरावल्याचं गाऱ्हाणं आहे. 1927 चा वनकायदा अजून चालू आहे. 1930 साली बिळाशीला, चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहाला उतरले. समोरचे रखवालदारही आपल्यासारखेच मराठी बोलणारे असणार, त्यांच्याही घरी चूल पेटत असणार. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखायचा हक्क दिला, आणि 2009 साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं तो मिळवून दाखवला. तिथं गाव स्वतःच राखण करतं. आमच्याकडं ते अजून कागदावर आहे.

दुसऱ्या गार्डाच्याच काळात एका फाल्गुनात वणवा लागला. जाळरेषा नीट काढलेली नव्हती, वारा वरच्या अंगाला. तो एकटा फांदी घेऊन झोडपत होता आणि गाव पारावर बसून बघत होतं. पावत्या ज्यांच्या फाटल्या होत्या त्यांनी मान फिरवली. आबा उठले. आई म्हणाली, "त्यानं कोयता नेला तुमचा. मरू द्या की."

आबा म्हणाले, "कोयता नेला, डोंगर न्हाई नेला. डोंगर काय त्याच्या बापाचा हाय?"

मग आणखी चौघं-पाचजणं निघाली. रात्री वणवा विझला. गार्डानं कोयता काही परत दिला नाही. कायद्यात ते बसत नव्हतं म्हणे. पण पुढच्या उन्हाळ्यात तो तोडीच्या आधी पारावर आला आणि कुठल्या झाडाचा किती टहाळ घ्यायचा हे म्हाताऱ्यांना विचारून ठरवून गेला. वर्षभरानं त्याचीही बदली झाली. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही.

"म्हंजी आईला धरू का सोडू?"

"आधी मोळीत काय हाय ते बघ. वाळलेलं का ओलं."

"आन् ओलं निघालं तर?"

"तर पावती फाड. पण रात्री जेवायला घरीच जा."

तो हसला. "वाढंल व्हय ती?"

"वाढंल," मी म्हटलं. "बोलंल बी."

माझी गाडी फलाटाला लागली. त्यानं डबा काखेत मारला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पळायचंय म्हणून लगबगीनं निघाला.