मोजणी कोणासाठी?

उरण-पनवेल पट्ट्यात 'मोजणीवाले आलेत' हे वाक्य साधं नाही. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात योग्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच.

समजा, याच गावातली एखादी मुलगी उन्हाळी सुट्टीत हिमनदी मोजायला निघाली. जाणण्यासाठी मोजणं आणि घेण्यासाठी मोजणं, यांत नेमका फरक काय, हे तिला कोणीतरी विचारणारच.

अशा मोहिमा आहेत. अलास्कात ज्यूनोच्या हिमक्षेत्रावर १९४६ पासून उन्हाळी संशोधन चालतं. विद्यार्थी स्कीवरून बर्फ तुडवतात, खड्डे खणून थर मोजतात. आपल्याकडे लाहौल-स्पितीत, छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून बर्फात बांबू रोवतात आणि तो किती उघडा पडला यावरून वितळ काढतात.

'पण हेतू चांगला आहे ना!' हे उत्तर मला पुरत नाही. सिडकोचा हेतूही शहर वसवण्याचाच होता. 'तिथे कोणी राहत नाही' हेही नको. ज्यूनोच्या ज्या बर्फाला निर्मनुष्य रान म्हणतात, तो त्लिंगित लोकांचा मुलूख आहे. आपली मिठागरं आणि खाजणंही नकाशावर मोकळीच दिसतात.

फरक असलाच तर त्या बांबूत आहे. एका वर्षी बर्फ जास्त पडतो, एका वर्षी कमी. एकट्या उन्हाळ्याचा आकडा फारसं काही सांगत नाही. पुढच्या वर्षी दुसरं कोणी येऊन बांबू वाचतं, तुमचं चुकलं असेल तर ते पकडतं. जमिनीच्या मोजणीचं तसं नसतं. तिथे एकदा आकडा लागला की हरकत घेणाऱ्याचीच चप्पल झिजते.

म्हणूनच एक सुट्टी, चार रील्स आणि बायोडेटात एक ओळ एवढ्यासाठी जाणारा मला संशोधकापेक्षा जुन्या मोजणीवाल्याच्या जवळचा वाटतो. (विमानाच्या धुराचा हिशेब अजून धरलेलाच नाही.)

छोटा शिग्रीचं पाणी चंद्रा नदीत, पुढे चिनाब, सिंधू करत अरबी समुद्रात येतं; म्हणजे जासईच्या खाडीतही त्याचा थोडा वाटा. पण आधी ते लाहौलच्या मटाराच्या शेतांजवळून जातं. मुलगी परतली की मी विचारेन, आकडा पहिल्यांदा कोणाला सांगितलास गं, सरांना की मटारवाल्यांना?