वळण

मराठीत वाती वळतात, लाडू वळतात, शेवया वळतात. मुलांना लावतात तेही वळणच. ज्यांच्या हातांनी ही भाषा घडवली, त्यांना कापूस, पीठ आणि मूल यांचं नातं पक्कं ठाऊक असणार.

*

मार्गशीर्षातली सकाळ. गच्चीवर चार मुलं आणि मधोमध मधमाशीच्या मेणाचे पातळ, पिवळे पत्रे. मेणबत्त्या वळायच्या होत्या. धाकट्याने सर्वांआधी एक उचलला आणि वळायला घेतला. भाजलेल्या पापडासारखा तो मोडला. पत्रा खराब आहे, असं त्याने जाहीर केलं. पत्रा चांगला होता, गारठलेला होता.

*

मग पत्रे थोडा वेळ उन्हात ठेवले. मुलांनी तळवे एकमेकांवर चोळले आणि पत्र्यावर टेकवले. मेण वाकू लागलं. वितळायला त्याला ६२ ते ६४ अंश सेल्सिअस लागतात. वितळवायचं तर आग हवी. वळायला ऊब पुरते.

*

पोळ्यात जिथे पिलं वाढतात, ती जागा माश्या साधारण ३५ अंशांवर राखतात. थंडी पडली की एकमेकींना बिलगतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात आणि त्यातून ऊब काढतात. मुलाच्या मिटल्या मुठीतली ऊब त्या उबेपासून फार दूर नसते.

*

कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या आठ ग्रंथी असतात. तिथून सुटलेला पापुद्रा ती पायाने तोंडाशी नेते, चावून मऊ करते, मगच भिंतीला लावते. हे काम मुख्यतः बारा ते अठरा दिवसांच्या माश्यांचं. घर बांधतात त्या घरातल्या लहानच. त्यांनाही कण आधी मऊ करावा लागतो.

*

मेणपत्रा मुळात मेणबत्तीसाठी झालेला नाही. १८५७ मध्ये जर्मनीत योहानेस मेहरिंग यांनी षटकोनी ठशांचा पत्रा तयार केला, तो माश्यांसाठी. चौकटीत बसवून पेटीत ठेवला की माश्या त्या ठशांवर भिंती चढवतात. माणूस तळ देतो, घर त्या उभारतात. मुलांना याहून जास्त काय द्यावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

*

पहिला वेढा सर्वांत महत्त्वाचा. कापसाची वात पत्र्याच्या कडेवर ठेवायची, कड तिच्यावर दुमडायची आणि बोटाने दाबत जायचं. इथे पोकळी राहिली तर पुढचे वेढे कितीही घट्ट घ्या, ती आतच राहते. बाहेरून कुणाला दिसत नाही. जळताना कळते.

*

फार दाबलं तर षटकोन पुसले जातात. वेढा घट्ट हवा, पण ठसा शाबूत राहील इतकाच.

*

थोरलीचं मेण तिरकं वळत चाललं होतं. माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला. तिने स्वतःच थांबून पाहिलं, सगळे वेढे हलके हलके उलगडले आणि पुन्हा वातीपासून सुरुवात केली. पत्रा अजून कोमट होता म्हणून तिला ते जमलं. ऊब आहे तोवर चूक उलगडता येते.

*

आजीच्या फणेरपेटीत मेणाची एक चिमुकली डबी असे. आंघोळीनंतर ती कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवी, मग त्यावर कुंकू. दिवसभर लोक कुंकू पाहत. मेण कुणाच्या नजरेस येत नसे आणि कुंकू तर त्याच्याच आधाराने टिके. घरात कुणीतरी मेण असावं लागतं.

*

संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात. मधाचं उष्टं. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात या उष्ट्यापासून देव घडवण्याची रीत आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि रिकाम्या जागेत धातू ओतायचा. मूर्तीत मेणाचा कण उरत नाही, पण बोटांची वळणं सगळी त्याचीच असतात.

*

संध्याकाळी मेणबत्त्या पेटवायची वेळ आली आणि प्रत्येकाने आपापली पाठीमागे लपवली. दुसऱ्याची पेटवा, म्हणाली सगळी. आपल्या हाताने केलेली वस्तू खर्चायला मोठं मन लागतं. ते त्या दिवशी पहिल्यांदा थोरलीला आलं.

*

मेणबत्ती बोटभर उतरली तेव्हा धाकट्याने विचारलं, “मेण गेलं कुठे?” हाच प्रश्न घेऊन मायकेल फॅरेडे १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे उभे राहिले होते. एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं. वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. मी एक गार चमचा ज्योतीच्या वर क्षणभर धरला. त्यावर धुकं धरलं. “हे पाणी मेणबत्तीतून आलं?” त्याने चमच्यावर बोट फिरवलं आणि ओलं बोट कितीतरी वेळ निरखत राहिला.

*

मग तो उठला आणि सकाळचे मोडलेले तुकडे घेऊन आला. दिवसभर ते त्याच्या खिशात होते. एकेक तुकडा त्याने मुठीत धरला, मऊ होईपर्यंत धरून ठेवला, मग दुसऱ्यावर दाबला. वातीभोवती जमलेला तो गोळा बुटका होता, ओबडधोबड होता, त्यावर एकही षटकोन उरला नव्हता. त्याची ज्योत मात्र इतरांसारखीच उभी राहिली.

मोडलेलं मेण टाकू नये. मुठीत धरावं.