बागेंतील आगगाडी

प्रौढ, शिकलेल्या व संसारी माणसानें आपल्या बागेंत गुलाबाच्या वाफ्यांमधून रूळ घालावे, वीतभर उंचीच्या इंजिनांत पाणी भरून खरीखुरी वाफ करावी आणि एकहि उतारू नसलेली गाडी वेळापत्रकाबरहुकूम या स्थानकावरून त्या स्थानकावर न्यावी, हा प्रकार आपल्याकडे फारसा कोणाच्या पाहण्यांत नाहीं. इंग्लंड, जर्मनी व अमेरिका येथें मात्र या छंदाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे भक्त आहेत. ऐकणारा प्रथम हंसतो आणि मग विचारतो, "याचा उपयोग काय ?"

सर आर्थर हेवुड यांच्याजवळ या प्रश्नाचें उत्तर तयार होतें. डर्बीशायरमधील डफील्ड येथें आपल्या घराच्या आवारांत त्यांनीं १८७४ सालीं अवघ्या १५ इंच रुंदीचा लोहमार्ग घातला. मोठ्या जमीनदारींत माल वाहण्यास असा मार्ग पुरेसा होतो, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. आणि १८९६ मध्यें वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकसाठीं त्यांनीं ईटन हॉल येथें तशी रेल्वे बांधलीहि. तिच्यावरून कोळसा व विटा जात. इतकें सर्व ठीक. परंतु डफील्डच्या त्या जेमतेम मैलभर मार्गासाठीं हेवुडसाहेबांनीं भोजनाचा डबा केला होता आणि निजण्याचा डबाहि केला होता ! मैलभर प्रवासांत कोण निजणार ? उपयोगाची सारी भाषा त्या निजण्याच्या डब्यापाशीं येऊन थबकते, आणि आम्हांस तर हेवुड तेथेंच खरे भेटतात.

दुसरें उत्तर आपले शास्त्रीपंडित देतील. जो पूर्णकाम आहे तो जग कां निर्माण करील, या शंकेस ब्रह्मसूत्रांनीं 'लीला' हें उत्तर दिलें, आणि शंकराचार्यांनीं भाष्यांत सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा दृष्टान्त दिला. उत्तर सुंदर आहे. पण तें उचलण्याचा अधिकार आपणांस कितपत पोंचतो? पेन्शनावर राहणाऱ्या गृहस्थाच्या सर्व इच्छा पुरलेल्या नसतात. त्याच्या पत्नीच्या तर नसतातच. शिवाय परमेश्वराला शेजारी नाहीं. आपल्या बागेला कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे दुसऱ्याचें घर आहे.

तेव्हां खेळाचें समर्थन उपयोगावर किंवा लीलेवर न टेकवितां तो खेळ प्रत्यक्ष कसा चालतो हेंच पाहणें बरें. खोलींत टेबलावर रूळ मांडणारा आपल्या जगाचा सार्वभौम असतो. डोंगर कागदाचे, नदी कांचेची. सर्व एकाच मापानें लहान केलेलें. बागेंत हें साम्राज्य कोसळतें. रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर धरून मोठ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाची गाडी केली, तरी पाऊस कांहीं बत्तिसावा हिस्सा होऊन पडत नाहीं. त्या गाडीच्या मानानें पावसाचा मोठा थेंब मोसंब्याएवढा व पिंपळाचें पान तीन मीटरांचें. बाष्पपात्राची लांबी बत्तीस पट कमी केली कीं त्याचा पृष्ठभाग हजार पटींनीं कमी होतो, पण आंतील पाणी बत्तीस हजार पटींनींहून अधिक कमी होतें. म्हणून तें बिचारें मोठ्या इंजिनापेक्षां किती तरी लवकर निवतें. दहा मीटर पितळी रूळ पहांटेच्या गारव्यांतून दुपारच्या उन्हांत ३० अंशांनीं तापला तर जवळजवळ ६ मिलिमीटर वाढतो. सांध्यांत फट न ठेवणाराचे रूळ वांकडे होतात. मोठ्या रेल्वेच्या इंजिनिअरास जो नियम, तोच यालाहि. खेळणाऱ्यानें गाडी लहान केली. ऊन, पाणी व विस्तव यांनीं मात्र लहान होण्यास संमति दिलेली नाहीं. आमच्या मतें या छंदाचें मोठेपण येथें आहे, आणि त्याचा धोकाहि येथेंच आहे.

वॉल्ट डिस्ने यांच्या उदाहरणावरून हें स्पष्ट होईल. लॉस एंजेलिस येथील आपल्या घराभोंवतीं त्यांनीं १९५० सालीं सव्वासात इंच रुंदीचा, सुमारें अर्ध्या मैलाचा मार्ग घातला. इंजिनाला पत्नीच्या नांवावरून 'लिली बेल' असें नांव दिलें. तिच्या फुलबागेखालून ९० फुटांचा बोगदा नेला, आणि जमीन वापरण्याच्या हक्काबद्दल पत्नी व मुली यांच्याशीं करावयाचा कायदेशीर थाटाचा करारनामाहि वकिलाकडून तयार करविला. करार थट्टेचा खरा. पण बाग आपली एकट्याची नाहीं, ही जाणीव त्या थट्टेंत आहे, आणि ती पुष्कळ छांदिष्टांत नसते. पुढें १९५३ मध्यें इंजिन रुळावरून घसरलें आणि सुटलेल्या वाफेनें एका लहान मुलीस भाजलें. डिस्ने यांनीं ती गाडी बंद केली. इंजिन अष्टमांश आकाराचें होतें. वाफ पुरी होती. 'हा तर खेळ' असें म्हणून त्या मुलीच्या आईबापांपुढें कोणास उभें राहतां आलें असतें ?

कोणी म्हणेल, मग सुरक्षित असें टेबलच बरें. आम्ही तसें म्हणणार नाहीं. ज्या खेळांत कोणतीच गोष्ट आपल्या इच्छेविरुद्ध जाऊं शकत नाहीं, त्यांत प्रौढ मनाला फार काळ गोडी राहत नाहीं. मात्र खऱ्या विस्तवाशीं खेळावयाचें तर पाहावयास येणारीं मुलें कोठें उभीं राहतील, याचा विचार वेळापत्रकाच्या आधीं व्हावा.

आपल्याकडे हा छंद करूं इच्छिणारास चांगलें मूळ हातीं आहे. १९०७ सालीं सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाच्या रुळांत दोन फुटांचें अंतर आहे. फुटाला १६ मिलिमीटर हें रूढ प्रमाण घेतलें म्हणजे अंगणांत ३२ मिलिमीटरांचा मार्ग होतो, आणि माथेरानचीं वळणें मुळांतच इतकीं अवघड कीं लहान अंगणांतहि तीं खोटीं वाटूं नयेत. नेरळहून वर चढणारी ती गाडी पावसाळ्यांत बंद ठेवण्याचा प्रघात आहे. अंगणांतल्या धाकटीनेंहि आषाढापासून थांबावें. मालकास तेवढ्यांत काळवंडलेले रूळ घासून घेतां येतील, आणि अंगण घरच्या मंडळींस तगर व गुलबक्षी लावण्यास मोकळें मिळेल.